वहीतलं पुढचं दार

सकाळी ५

जानेवारीतल्या थंडीत पाचला उठायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरावर. या दिवसांत हौदातल्या पाण्यात हात घातला की बोटं ठणकतात. चूल पेटवायची, अंघोळीचं पाणी ठेवायचं, भाकरी थापायच्या, पोरीचा डबा भरायचा, सासूबाईंना चहा द्यायचा. म्हशीची धार नवरा काढतो, तेवढंच माझ्या वाट्याचं कमी. या दोन तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात जा, हेच दिसेल.

फोन मात्र पाचपासूनच वाजायला लागतो. आम्हा आशांच्या ग्रुपवर उगवत्या सूर्याची चित्रं येतात, त्यांवर जिद्द, चिकाटी, ध्येय असलं काहीबाही छापलेलं. पाठवणाऱ्या बायांची रात्र माझ्यासारखीच गेलेली असते, कुणाचं लेकरू आजारी, कुणाचा नवरा पिऊन आलेला. पाठवू देत बापड्या. मी अंगठा देते आणि वही उघडते. आजच्या तारखेपुढे लिहिलेलं असतं : खालची आळी, बाळंतीण, १४ वा दिवस. दुपारी पीएचसीत मीटिंग. मामांच्या गोळ्या. एवढं वाचलं की अंगावरचा कंटाळा पुरता जात नाही, पण पाय चपलेत जातात.

आशा म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला अजूनही सांगावं लागतं, म्हणून सांगते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा साधारण हजार वस्तीमागे त्याच गावातली एक बाई निवडायची असं ठरलं. ती सासरी नांदणारी असावी, म्हणजे गाव सोडून जाणार नाही. तिने गरोदर बाया, बाळंतिणी, लेकरं, क्षयरोगी, आता बीपी-शुगरचे पेशंट, सगळ्यांच्या घरी जायचं आणि त्यांना सरकारी दवाखान्याशी जोडून ठेवायचं. महाराष्ट्रात आम्ही सुमारे ७० हजार आहोत. कागदावर आम्ही स्वयंसेविका. त्यामुळे पगार नाही, कामागणिक मोबदला. या पैशांचं दुपारी बोलू.

सकाळी ७

खालच्या आळीतल्या घरी गेले तर आजी अंगणातच शेकत बसलेल्या.

“आज कितवा गं?”

“चौदावा, आजी.”

“तसं म्हणू नको बाई सकाळच्या पारी. चौदाव्याचं जेवण मेलेल्या माणसाचं असतंय. दोन आठवडे झाले म्हण.”

म्हटलं, बरं, दोन आठवडे झाले.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने घरी सहा वेळा जायचं असतं : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. गेल्यावर काय करायचं तेही ठरलेलं आहे. आधी साबणाने हात, कोपरापर्यंत, आणि धुतल्यावर ते पदराला पुसायचे नाहीत, हवेत वाळू द्यायचे. थंडीत या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. पण ओल्या गार हाताने लेकराला शिवलं तर ते दचकून रडतं, म्हणून आजींच्या शेकोटीवरच हात वाळवून, ऊब घेऊन आत गेले.

थर्मामीटर काखेत. ९७.८. ठीक. हे लेकरू जन्मलं तेव्हा २ किलो १०० ग्रॅम होतं. अडीच किलोच्या आतलं लेकरू म्हणजे कमी वजनाचं. असं लेकरू थंडीत चटकन गार पडतं, गार पडलं की दूध ओढत नाही, दूध नाही मिळालं की आणखी गार पडतं. मग ते ‘झोपूनच राहतंय, किती शहाणं लेकरू’ असं घरचे कौतुकाने सांगतात, आणि ते कौतुक ऐकून माझ्या पोटात गोळा येतो.

मग श्वास मोजायचे. घड्याळ समोर धरायचं, झबलं वर करायचं आणि पोट वरखाली होताना पाहायचं, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्या लेकराचा श्वास एकसारखा नसतो. ६० किंवा त्याच्या वर गेला तर पुन्हा एकदा मोजायचा आणि तेवढाच भरला तर गाडी बोलवायची. त्या एका मिनिटात घरात कुणी बोललेलं मला चालत नाही. आजींनाही ते आता माहीत झालंय, त्या थोरल्या नातवाच्या तोंडावर हात ठेवतात. आज ४६.

वजनाला आजींचा पहिल्या दिवसापासून विरोध. “लेकराला काय तोलायलीस, ते काय भाजी हाय का?” तोललं की दृष्ट लागते ही समजूत इकडे घराघरांत आहे. तिसऱ्या दिवशी मी वाद घातला नाही. वजन झाल्यावर त्यांनीच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. माझं काम झालं, त्यांचंही झालं. सातव्या दिवशी काटा २ किलोवरच होता. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण इतक्या लहान जिवाचं उतरलेलं बघवत नाही. त्या दिवशी मी सुनेला आणि आजींना, दोघींना, लेकराला उघड्या अंगाने छातीशी बांधून ठेवायला शिकवलं. सून दमली की आजींनी घ्यायचं. आजी हसल्या, पण लुगड्याच्या आत नातू बांधून त्यांनी सगळी दुपार काढली, शेजारणींना दाखवली सुद्धा.

आज झोळी काट्याला अडकवली, हात सोडला. काटा २ किलोच्या पुढे जाऊन थरथरला, मग २ किलो २०० वर ठरला. आजींनी विचारलं, “किती?” सांगितलं. त्यांनी मोहऱ्या आणायला कुणाला तरी हाक मारली.

हे जे काट्याचं पुढे सरकणं आहे ना, त्याच्यासाठी मी उद्या पुन्हा पाचला उठेन. बाकी कारणं विचाराल तर ती मला नीट सांगता येणार नाहीत.

ही घरी जायची पद्धत गडचिरोलीतून आली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. त्या घरोघरी जाऊन तान्ह्या लेकरांना तपासत, वजन करत, जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात लेकरांचे मृत्यू तिथे साठ टक्क्यांहून जास्त घटले. ते संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशांना हे काम मिळालं. प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा मला लॅन्सेटचं काही वाटलं नव्हतं. आमच्यासारख्याच, फार न शिकलेल्या बाया घड्याळ धरून श्वास मोजत होत्या, हे मात्र लक्षात राहिलं.

सकाळी ९

उद्या उपकेंद्रात लसीकरण. तिथल्या सिस्टरने यादी दिलीय, ती घेऊन दारोदार आठवण करत फिरायचं. यातली निम्मी घरं बंद आहेत. दसरा-दिवाळीनंतर आमचं गाव अर्धं रिकामं होतं. कोयते घेऊन जोड्या ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिललाच परततात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

दीड महिन्याच्या इंजेक्शनाला लेकराला ताप आला की अडीच महिन्याच्या वेळी दार अर्धंच उघडतं. एका घरी आज तसं झालं. मी त्यांना लसीचं महत्त्व सांगत बसत नाही, ते टीव्हीवरही सांगतात. मी एवढंच विचारते, मागच्या वेळी ताप किती दिवस होता, गोळी पाव दिली होती की अर्धी, रात्री कोण जागलं. रात्री जागलेल्या बाईचं ऐकून घेतलं की ती उद्या येते. बहुतेक वेळा.

आणि एक फॉर्म आहे, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा. तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कुणाला शुगर आहे का, आणि कंबरेचा घेर किती. गुण ४ च्या वर गेले की तपासणीला आधी न्यायचं. फॉर्म चांगला आहे, यातून बीपीची माणसं सापडतात, लकवा मारायच्या आधी सापडतात. पण चावडीवर बसलेल्या माणसाला “भाऊ, कंबर मोजू द्या” म्हणायचं म्हणजे! बाया हसून लोळतात, पुरुष उठून जातात. मी शेवटी टेप त्यांच्याच हातात देते आणि तोंड फिरवून उभी राहते. ते पोट आत ओढून मोजतात, हे मला माहीत आहे.

सकाळी ११

मामांकडे जायचा मला कंटाळा येतो, खरंच सांगते. ते माझे कुणी लागत नाहीत, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. त्यांना क्षय आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला होता, मी थुंकीचा डबा दिला, तर तो त्यांनी चार दिवस उंबऱ्यामागे लपवून ठेवला होता.

क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या. रोज, वजनाप्रमाणे. गोळ्या सुरू करताना एक गोष्ट आधीच सांगावी लागते, लघवी लाल-केशरी होईल. नाही सांगितली तर माणूस पहिल्याच दिवशी घाबरून पाकीट फेकतो.

पण खरी अडचण तिसऱ्या महिन्यात येते. पहिले दोन महिने मामा स्वतः गोळी मागून घेत होते, कारण मरणाची भीती होती. आता खोकला गेलाय, ताप गेलाय, भाकरी दोनच्या तीन जातात. म्हणतात, “आता मी ठणठणीत हाय, कशाला आणखी जहर पाजायलीस?” बरं वाटायला लागणं हाच या आजारातला सगळ्यात धोक्याचा काळ. अर्ध्यावर सोडलं तर आतले जंतू पुन्हा उठतात, आणि मग त्याच गोळ्या लागू पडतील असं नाही.

मी आधी समजावून पाहिलं. मग नातवाची शपथ घातली. मग सिस्टरची भीती. प्रत्येक गोष्ट आठवडाभर चालली. शेवटी ज्याने जमलं ते फारच साधं निघालं. मामांना सकाळी चहाशिवाय जमत नाही. मामींनी गोळ्यांचं पाकीट साखरेच्या डब्यात ठेवलं. चहा करायला डबा उघडला की पाकीट हातात येतं. गोळी घेतली की मामांनी भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर त्या दिवसावर पेनाने फुली मारायची, मामींनी नाही, त्यांनीच. आता ते कुणी आलं की कॅलेंडर दाखवतात. परवा एक दिवस रिकामा दिसला तर स्वतःच म्हणाले, “पाव्हण्याकडं गेलतो, तिथं साखरंचा डबा दुसराच होता.” मी प्रवासासाठी वेगळी पुडी करून दिली.

मामांना रोज कळवळून समजावणारं कुणी हवं आहे असं मला आधी वाटायचं. त्यांना हवा होता डबा आणि फुली. माझंही तेच आहे बहुतेक. मामांचा कोर्स पूर्ण झाला की मला १००० रुपये मिळतील, आणि मामांना पोषणासाठी महिन्याला १००० च्या हिशेबाने पैसे खात्यावर येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. पहिल्या पैशांतून त्यांनी अंडी आणली, दुसऱ्यांतून काय आणलं ते मामींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुपारी १

घरी येऊन भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक. सासूबाई टीव्हीसमोर. पाय पसरून बसले की पैशाचा विषय निघतोच, नवऱ्याने काढला नाही तर मी काढते.

नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या तर २५० रुपये. सगळ्या झाल्या तर. एखादी बाळंतीण तीन आठवड्यांनी माहेरी गेली की हिशेब अडतो. पुढे लेकरू ३, ६, ९, १२, १५ महिन्यांचं होईपर्यंतच्या भेटींचे प्रत्येकी ५०. नियमित कामांसाठी केंद्राकडून महिन्याला २००० होते, ते ३५०० करायचं २०२५ मध्ये जाहीर झालं. राज्याचा वाटा वेगळा. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही आझाद मैदानावर बसलो होतो ते याच्यासाठीच. रात्री थंडी, दिवसा ऊन, सतरंजीवर झोपायचं, अंघोळीची बोंब. मार्चमध्ये शासननिर्णय निघाला, ५ हजारांची वाढ मिळाली. तोवर मुंबई मी फक्त सिनेमात पाहिली होती.

लोकांना आमच्या सेवाभावाचं फार कौतुक. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला, त्या वर्षीच्या सहा पुरस्कारांत आम्ही होतो. गावात सरपंचांनी नारळ दिला. आनंद झाला, का होऊ नये? करोनात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या वेळी तापमापक घेऊन दारोदार फिरताना लोकांनी दारं लावली होती, तीच माणसं त्या दिवशी टाळ्या वाजवत होती. पण किराणा दुकानात नारळ दाखवून तेल मिळत नाही. मोबदला तीन-तीन महिने अडकला की मी दारात उभी राहून जे हसते ते हसू मला स्वतःला खोटं वाटायला लागतं. ज्या महिन्यात पैसे वेळेवर जमा होतात त्या महिन्यात माझा उत्साह बघायला या. मनाची ताकद वगैरे नंतर बोलू.

दुपारी २:३०

काळीपिवळीत कोंबून पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. महिन्याची मीटिंग. आमच्या गटप्रवर्तक ताई सगळ्यांच्या वह्या तपासतात, कुणाची भेट राहिली, कुणाच्या गरोदर बाईची चौथी तपासणी राहिली. त्या ओरडतात, पण ओरडताना नाव घेऊन ओरडतात. “अगं, त्या तळ्याकडच्या घरातली सोनोग्राफी झाली का नाही?” अशा ओरडण्याचा मला राग येत नाही. त्यांना ते घर माहीत आहे.

आज मात्र शहरातून एक सर आले होते, ‘स्वतःला प्रेरित कसे ठेवावे’ या विषयावर बोलायला. पडद्यावर शिखरावर उभा असलेला माणूस. सर म्हणाले, डोळे मिटा आणि आपलं ध्येय डोळ्यांसमोर आणा. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. दुपारी अडीच-तीनला, भाकरी खाऊन आलेल्या बायांना डोळे मिटायला सांगितल्यावर जे होतं ते झालं. माझ्या शेजारची चक्क घोरली.

शेवटी सरांनी शंका विचारा म्हटलं, तर मागून एक जुन्या आशाताई उठल्या. “सर, माझ्या वजनकाट्याची स्प्रिंग गेलीय. सगळी लेकरं दोनशे ग्रॅम जास्त भरायलेत. नवा काटा कधी मिळंल?” सर बिचारे डॉक्टरसाहेबांकडे बघायला लागले. सगळ्या हसल्या, पण मला त्या दुपारी सगळ्यात उत्साही वाटल्या त्या या ताईच. काट्यासाठी भांडणारी बाई कामाला कंटाळलेली नसते.

सरांचं सगळंच वाया गेलं असं नाही. त्यांनी एक सांगितलं ते मी करतेही : दुसऱ्या दिवशीची पिशवी रात्रीच भरून दाराशी ठेवायची. सकाळी थर्मामीटर शोधण्यात अर्धा तास गेला की माणूस म्हणतो, जाऊ दे, उद्या जाऊ. दिवस मोडतो तो असा, पायरीवरच.

त्यानंतर ॲप. जे वहीत लिहिलं तेच मोबाइलवर भरायचं, मग त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर, मग कुणाचे किती टक्के झाले त्याची यादी. यादीत माझं गाव खालून तिसरं. का? अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय, ज्यांच्या कंबरा मोजायच्या ती माणसं साताऱ्याला आहेत. ॲपला हे सांगायची जागा नाही. मी इतकी वर्षं हे काम करतेय त्यावरून माझं एक मत झालंय. ज्या कामाच्या शेवटी एक चेहरा असतो ते काम माणसाला धरून ठेवतं, मग ते कितीही दमवणारं असो. ज्या कामाच्या शेवटी टक्का असतो ते आतून पोखरतं. टक्का कुणालाच नको असं मी म्हणत नाही. वरच्यांना तालुक्याचा हिशेब ठेवावाच लागतो. पण मग तो आमच्या माथी रोज मारू नका, महिन्यातून एकदा विचारा.

संध्याकाळी ५:३०

परत येताना काळीपिवळीतूनच फोन लावला. आमच्या गावची एक पोरगी, लग्नाला दोन वर्षं, सातारा जिल्ह्यात ऊसतोडीच्या फडावर आहे. आठवा लागलाय. जाताना तिचं हिमोग्लोबिन ९ होतं, गरोदरपणात ११ च्या खाली नको. लोहाच्या गोळ्या मी पिशवीत बांधून दिल्या होत्या. पूर्ण गरोदरपणात अशा निदान १८० गोळ्या जायला हव्यात.

“गोळ्या खातीस का?”

“संपल्या ताई.”

“मग दवाखान्यात जायचंस.”

“खाडा पडतो ना.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. दवाखान्यात जायचं म्हणजे बायकोचा खाडा, आणि सोबत गेला तर नवऱ्याचाही. पहाटे तीन-चारला उठून ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढते. आठव्या महिन्यात. मी तिला इथून काय सांगणार, आराम कर?

माझं समजावणं इथे संपतं. मग दुसरी वाट. आमच्या गटप्रवर्तक ताईंनी तिकडच्या ताईंचा नंबर काढला, त्यांनी त्या गावच्या आशाचा. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिला माता बाल संरक्षण कार्डाचा फोटो पाठवला, कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, कारखान्याच्या कुठल्या अंगाला आहेत ते सांगितलं. ती म्हणाली, “दिवसा नाही सापडायच्या त्या. संध्याकाळी सहानंतर जाते, गोळ्या घेऊन. सिस्टरलाही आणते जमलं तर, कोपीतच रक्त तपासू.” तिच्या यादीत ही पोरगी नाही. हिच्या गोळ्यांचा तिला एक रुपया मिळायचा नाही. ती मला म्हणाली, “तुमच्याकडं माझ्या भावाचं सासर आहे,” जणू तेवढं कारण पुरे.

साडेसातला तिचा फोटो आला : कोपीच्या दारात चुलीच्या उजेडात पोरगी, हातात गोळ्यांच्या पट्ट्या, पदर डोक्यावर. खाली लिहिलं होतं, बीपी ११०/७०, पायाला सूज नाही, गुरुवारी सिस्टर येणार.

रात्री ९

जेवणं झाली, भांडी झाली. पोरीचा अभ्यास घेतला म्हणायचा, ती तिचं तिचं करते. आता वही. दिवसभराचं लिहायला पाऊण तास लागतो आणि यात मला झोप अनावर होते, म्हणून मी उभ्याने ओट्यावर वही ठेवून लिहिते. बाळ २ किलो २००. मामांची फुली. उद्याच्या लसीकरणाची नावं. कंबर मोजू न दिलेले तिघे, पुन्हा जायचं. साताऱ्याची पोरगी, गुरुवार.

सगळे दिवस असे नसतात. गेल्या पावसाळ्यात एक लेकरू गेलं. माझ्या सगळ्या भेटी झाल्या होत्या, गाडीही वेळेत आली होती, तरी गेलं. त्यानंतरचे कितीतरी दिवस त्या आळीत माझा पाय वळत नव्हता. तेव्हा कुणी कितीही चांगलं बोललं असतं तरी मी ऐकलं नसतं. शेजारच्या गावची आशा आली, म्हणाली, “तुझी यादी दे, आठवडाभर तुझ्या आळीत मी जाते, तू माझ्या.” आम्ही गावं बदलली. तिच्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे काम करणं सोपं गेलं. आठव्या दिवशी मी परत आले. आम्हाला रजा नाही, त्यामुळे आमची आम्हीच अशी सोय लावतो. ही सोय कुठल्या शासननिर्णयात नाही, पण असायला हवी, असं माझं मत आहे.

उद्याची पिशवी दाराशी ठेवली. थर्मामीटर, काटा, झोळी, घड्याळ, टेप, साबण, गोळ्यांचं पाकीट.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. आशा फक्त खेड्यात नाहीत, शहरातल्या वस्त्यांमध्येही आहेत. तुमच्या दारी आली तर तिला लेकराचं वजन करू द्या, नंतर हवं तर मोहऱ्या ओवाळा. कंबर मोजताना पोट आत ओढू नका. तंबाखू खात असाल तर खरं सांगा, ती तुमच्या बायकोला सांगणार नाही. बायकोला आधीच माहीत असतं. घरात क्षयाच्या गोळ्या चालू असतील आणि बरं वाटायला लागलं असेल, तर त्याच आठवड्यात तिला बोलवून घ्या. आणि तुम्ही सरकारी कचेरीत मोबदल्याच्या फायलीवर सही करणारे असाल, तर ती सही महिना संपायच्या आत करा.